ओल कुठून येते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्ही काही तरी बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा मला प्रश्नच पडला. आपल्या या व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्याने झाली, मुलांच्या संगोपनावर झाली, गेल्या वर्षी काशीयात्रेची हकीकतही आपण ऐकली. यांपैकी कशावरही बोलण्याचा मला अधिकार नाही. म्हणून म्हटले, ज्या एका गोष्टीने माझ्या संसाराची सहा वर्षे खाल्ली, तिच्यावरच बोलावे. ती गोष्ट म्हणजे भिंतीतली ओल आणि जमिनीखालचे सांडपाण्याचे जुने नळ. चिटणीसबाई हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हळदीकुंकवाच्या दिवशी गटाराचे बोलणार?" मी म्हटले, "ज्या घरात हळदीकुंकू होते, त्याच घराखालून गटारही जाते. वर्षातून एक दिवस त्याचीही विचारपूस करू या."

मी गवंडी नाही की इंजिनिअर नाही. जे भोगले आणि भोगता भोगता जे शिकले, तेवढेच सांगणार आहे. त्यात माझी एक मोठी चूक आहे. तीही सांगणार आहे, कारण तिच्यावाचून बाकीचे सांगण्याला काही अर्थ नाही. जिच्या बाबतीत ती चूक घडली, ती माऊली आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी मी सकाळीच घेतली आहे.

आमचे घर शिवाजी पेठेत, गांधी मैदानाच्या बाजूला. आजेसासऱ्यांनी बांधलेले. दगडी जोते, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, पुढे सोपा, मग माजघर आणि स्वयंपाकघर, मागे परडे. परड्याच्या कडेला न्हाणी आणि संडास. तिथून सांडपाण्याचे खापरी नळ भिंतीच्या कडेकडेने जाऊन बोळातल्या गटाराला मिळतात. भिंतीच्या पलीकडे शेजारच्या आक्कांची न्हाणी. पिण्याच्या पाण्याचा हौद आमच्या परड्यात, जमिनीत, माजघराच्या भिंतीला जवळजवळ लागून. हा नकाशा ध्यानात ठेवा.

२०१६ च्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीवर गुडघाभर उंचीचा ओला पट्टा दिसू लागला. दिवाळीपर्यंत त्याला लोणा धरला आणि पोपडे पडू लागले. गवंडी बोलावला. त्याने जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि सिमेंटचा चढवला. भिंत आरशासारखी झाली. पुढच्या श्रावणात ओल त्या सिमेंटच्याही वर हातभर चढली. दुसऱ्या खेपेला ओल थोपवणारा म्हणून महागाचा रंग दिला. तो पापडासारखा फुगला. तिसऱ्या खेपेला खालच्या बाजूला चकचकीत फरश्या बसवल्या. ओल फरश्यांच्या वरून डोकावू लागली. खर्च किती झाला ते आमच्या ह्यांच्यासमोर काढत नाही.

चुना काढून सिमेंट लावणे हेच मुळात चुकले होते, हे मला फार उशिरा कळले. मातीची भिंत खालून पाणी ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू वाऱ्यावर सोडून देते. वर सिमेंटचा घट्ट थर दिला की पाणी आत कोंडते आणि वाट शोधत वर वर चढते. आपल्याला वाटते ओल वाढली. खरे तर आपणच तिची खिडकी बंद केलेली असते.

पण त्या वेळी हे ठाऊक नव्हते. तीन वेळा पैसे बुडाल्यावर कोणाला तरी दोष द्यावा असे वाटू लागते. आमच्या ह्यांनी, आणि खरे सांगायचे तर ह्यांच्याहून अधिक मी, निकाल देऊन टाकला की ही ओल आक्कांच्या न्हाणीची. आक्का आल्या, भिंत पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, दोघी मिळून एकदा खणून बघू या. माझ्याकडचे निघाले तर मी करून देते." इतके सरळ बोलणे! पण मला ते पटले नाही. खणायचे तर परड्यातली फरशी उखडावी लागणार, म्हणजे पुन्हा खर्च. मी म्हटले, "तुमच्या न्हाणीने आमचे घर खाल्ले, आता आमचे परडेही खणू का?" आक्का काही न बोलता निघून गेल्या. त्या वर्षी संक्रांतीचा तिळगूळ बंद झाला. माझ्या पहिल्या बाळंतपणात जिने मला न्हाऊ घातले, तिच्या दारावरून मी मान खाली घालून जाऊ लागले. अशी पाच वर्षे गेली.

२०२२ च्या मार्चअखेर मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. मे महिन्यात तिला बारीक ताप येऊ लागला, अन्न नकोसे झाले आणि एके सकाळी डोळे पिवळे दिसले. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितले की ही ई प्रकारची कावीळ आहे. ही कावीळ मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरते. एरवी बहुतेक माणसे विश्रांतीने बरी होतात, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती आईच्या जिवावर बेतू शकते. अकरा दिवस मी दवाखान्याच्या बाकावर काढले. अंबाबाईला किती वेळा हाक मारली असेन त्याची गणती नाही. तिच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या हाताच्या यशाने लेक आणि नात दोघी सुखरूप आहेत. नात आता पाटीवर रेघोट्या ओढते.

त्या अकरा दिवसांत डॉक्टरांनी मला साधा प्रश्न विचारला, "पिण्याचे पाणी कुठले?"

"महानगरपालिकेचे. हौदात साठवतो."

"हौद कुठे आहे?"

"परड्यात, माजघराच्या त्या ओल्या भिंती..." आणि मी मध्येच गप्प झाले.

लागण नेमकी कुठून झाली हे आपण सांगू शकत नाही, असे डॉक्टरांनी प्रांजळपणे सांगितले. मुलगी येण्याआधी आणि आल्यावर चार ठिकाणी पाणी प्यालेली होती. पण हौदाचा निकाल लागेपर्यंत त्यातला थेंबही प्यायचा नाही, अशी त्यांनी ताकीद दिली. ओळखीच्या एका आरोग्यसेविका ताईंनी पाणी तपासायची लहान बाटली आणून दिली. मैल्यातले जंतू पाण्यात असले की या बाटलीतले पाणी काळे पडते. हौदाचे पाणी भरून बाटली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती शाईसारखी झाली होती.

आता गप्प बसणे शक्य नव्हते. पेठेतलेच एक वृद्ध मिस्त्री आहेत, सारा जन्म चुन्यामातीत गेलेले. त्यांना बोलावले. त्यांनी भिंतीला हातही लावला नाही. आधी विचारले, "वैनी, वल कवा येती आन् कवा जाती?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आले नाही. तीन वेळा गिलावा केला, पण ओल कोणत्या महिन्यात येते, किती चढते, कोणत्या कोपऱ्यात आधी दिसते, हे मी एकदाही टिपले नव्हते. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब मी महिन्याच्या महिन्याला लिहिते. भिंतीचा हिशेब कोणी ठेवतच नाही.

मिस्त्रींनी मला जे शिकवले ते थोडक्यात असे. पावसाळ्यात येऊन दिवाळीनंतर वाळणारी, भिंतीच्या सगळ्या लांबीला सारखी दिसणारी आणि फार तर कमरेपर्यंत चढणारी ओल जमिनीतल्या पाण्याची असते. भर वैशाखातही न वाळणारा, एकाच जागी असणारा डाग नळाचा असतो, मग तो पिण्याच्या पाण्याचा असो की सांडपाण्याचा. वरून खाली उतरणारी ओल छपराची. आणि पावसाळी हवेत नुसता घाम धरणारी भिंत असते तीही वेगळी. तिची परीक्षा सोपी आहे. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. दव वरच्या अंगाला धरले तर ओल हवेतली, भिंतीकडच्या अंगाला धरले तर भिंतीतली.

मे महिन्याची अखेर होती. सगळी भिंत कोरडी ठणठणीत आणि हौदाजवळच्या कोपऱ्यात मात्र ताटाएवढा डाग ओला. म्हणजे ते पाणी नळाचे. रात्री सगळ्या तोट्या बंद करून मीटर पाहिले. काटा जागचा हलला नाही, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा नळ गळत नव्हता. उरले सांडपाणी. पण कोणाचे? आमचे की आक्कांचे?

मिस्त्री म्हणाले, "दोन्हीकडं रंग टाकाय पायजे." खाण्याचे दोन रंग आणले. आक्कांकडे जायचा मला धीर झाला नाही, मिस्त्रींना पाठवले. आक्कांनी एका शब्दाने का म्हणून विचारले नाही. भिंतीलगत दोन फूट खोल खड्डा घेतला. आमच्या संडासात आणि न्हाणीत तांबडा रंग कालवून बादल्या ओतल्या, आक्कांकडे हिरवा. रात्रभर खड्डा झाकून ठेवला. मी त्या रात्री झोपले नाही. खोटे कशाला सांगू, मनातल्या मनात मी हिरव्याचीच वाट पाहत होते.

सकाळी खड्ड्याच्या तळाशी चार बोटे पाणी जमले होते. ते तांबडे होते. हिरव्याचा मागमूस नव्हता.

मग खणले. खापरी नळाचा एक तुकडा दोन फुटांचा असतो. आमची ओळ चाळीस फुटांची, म्हणजे वीस सांधे. जुन्या काळी हे सांधे सुतळी ठासून वर सिमेंटने बंद करीत. नळ स्वतः उत्तम होते, झिलई अजून चकाकत होती. पण दोन सांधे उघडले होते आणि एक तुकडा तडकला होता. फटीतून उंबराची मुळे आत शिरून वेणीसारखी गुंफली होती. परड्यातला हा उंबर सासूबाईंनी लावलेला. दर गुरुवारी मी त्याला पाणी घालते. मुळांशी तुंबलेला मैला फटीतून बाहेर पडत होता, आणि तिथून हौदाची विटांची भिंत होती अवघी अडीच फुटांवर.

सांधे का उघडले, याचे कारण आपल्या जमिनीत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगायला नको. तीच उठबस आपल्या नळांखाली दरवर्षी चालते. खापरी नळ कडक, त्याचा सांधाही कडक. तो वाकत नाही, उघडतो. त्यात मुळे शिरतात, घुशी माती पोखरतात. आणि हीच फट दोन्ही दिशांना काम करते. पावसाळ्यात जमिनीत पाणी वर आले की ते फटीतून नळात शिरते, गटारे तुंबतात. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की नळातला मैला बाहेर झिरपतो. म्हणून पावसाळ्यात तुंबणारी मोरी उन्हाळ्यात बरी झाली असे समजून आपण निश्चिंत बसतो, तेव्हाच ती अधिक घातक असते.

पिण्याच्या पाण्याच्या नळालाही हाच धोका आहे. दिवसातून थोडा वेळ पाणी येते, बाकीचा वेळ नळ रिकामा असतो. त्या वेळी त्याला बारीक चीर असली आणि शेजारी गळका गटारनळ असला, तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी आल्यावर पहिली बादली पिण्याला न घेण्याची आपल्या सासवांची सवय वेडगळ नव्हती. आपल्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची केवढी साथ आली, ते अनेकींना आठवत असेल. ती याच जातीची, पाण्यातून पसरणारी कावीळ होती.

आणि हे काही आपल्याच गावचे दुखणे नाही. कोल्हापुरात नगरपालिका स्थापन झाली ते साल १८५४. त्याच वर्षी लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पटकीने थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर जाऊन मृतांची नोंद केली आणि सगळे बोट एका सार्वजनिक विहिरीच्या पंपाकडे वळते असे दाखवले. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पण विहिरीत रोग आला कुठून? हेन्री व्हाइटहेड या तिथल्या धर्मोपदेशकाने ते शोधून काढले. विहिरीसमोरच्या घरात एक तान्ही मुलगी आजारी होती. तिच्या आईने तिचे लंगोट धुऊन ते पाणी घरापुढच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले. दुसऱ्या वर्षी खणून पाहिले, तेव्हा खड्ड्याच्या विटा सुटलेल्या होत्या आणि विहीर तिथून तीन फुटांच्या आत होती. त्या आईने कोणती चूक केली? तुम्ही आम्ही रोज करतो तेच तिने केले. तिच्या पायाखालच्या विटा सुटल्या आहेत, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ही हकीकत वाचली तेव्हा मला आमचा अडीच फुटांवरचा हौद आठवला आणि अंगावर काटा आला.

इतके झाल्यावर एक काम उरले होते. ते खणण्याहून अवघड होते. मी तिन्हीसांजेला आक्कांच्या दारात गेले. काय बोलावे ते घोकून गेले होते, पण तोंडातून एवढेच निघाले, "आक्का, तांबडा निघाला." आक्का तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ठाऊक आहे. मिस्त्रींनी सांगितले. पोरीचे कसे आहे?" मी रडू लागले. पाच वर्षांत त्यांनी आमच्या भिंतीचा विषय पेठेत कोणाजवळ काढला नव्हता, हे मला नंतर कळले. मी मात्र अनेकींजवळ काढला होता. त्यांतल्या काही जणी आज इथे आहेत. त्यांच्यासमोर सांगते, मी म्हणाले ते खोटे होते.

मग आक्कांनीच मला पुढचा धडा दिला. म्हणाल्या, "नळ बदललास तरी श्रावणात भिंत ओली होईल हो. ती ओल तुझीही नाही नि माझीही नाही. ती वरुणतीर्थाची."

आपल्यापैकी तरुण मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आजचे गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ. आपले कोल्हापूर हे तळ्यांचे गाव. रंकाळा, कोटितीर्थ आणि कळंबा आजही डोळ्यांसमोर आहेत. पण कपिलतीर्थावर मंडई झाली, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम झाले. अंबाबाईच्या देवळाच्या आवारातले मणिकर्णिका कुंडसुद्धा बुजवलेले होते. ते उकरून मोकळे करण्याचे काम २०२० नंतर हाती घेतले गेले, तेव्हा जुने दगडी बांधकाम पुन्हा उजेडात आले. तळे बुजवले म्हणून पाणी यायचे थांबत नाही. भोवतालचा उतार तोच राहतो. आपल्याकडे खाली काळा फत्तर आहे. त्याच्या पोटातून पाणी जात नाही. ते वरच्या मुरुमातून आणि फत्तराच्या भेगांतून उताराने सरकते आणि सखल जागी येऊन थांबते. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात तळे साचते, त्याचे आपल्याला नवल वाटते. पाणी आपले माहेर विसरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आक्कांचे म्हणणे खरे ठरले. ज्येष्ठात नळ बदलले, हौदाजवळचा डाग वाळला. श्रावणात गुडघाभर ओलीचा तो लांब पट्टा पुन्हा आला. ज्येष्ठात एक पाणी सापडले होते, श्रावणात दुसरे सापडले. सहा वर्षे मी दोन पाण्यांना एकच समजून तिसऱ्यालाच दोष देत होते.

आता काय काय केले ते सांगते, कारण सभेनंतर मला हेच विचारले जाणार आहे.

खापरी नळ काढून रबरी कड्याच्या सांध्यांचे प्लॅस्टिकचे नळ टाकले. जमीन थोडी हलली तरी असा सांधा सैल होत नाही. चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट ढाळ हा जुना ठोकताळा मिस्त्रींनी पाळला. ढाळ कमी पडला तर मैला मागे राहतो. प्रत्येक वळणावर झाकणाचे चेंबर केले, म्हणजे तुंबले तर सगळे खणावे लागत नाही. माती लोटण्यापूर्वी खालचे तोंड बंद करून नळ पाण्याने भरले, पातळीची खूण केली आणि अर्धा तास थांबलो. खूण हलली नाही, तेव्हाच मजुरी चुकती केली. नवे काम करून घेताना ही परीक्षा मागायला लाजू नका. उंबर तोडला नाही. नळच त्याच्यापासून दूर फिरवले. हौद कायमचा बंद केला आणि पाणी वरच्या टाकीत घेतले.

जमिनीतल्या पाण्याला अडवण्याचा नाद सोडला आणि त्याला वाट करून दिली. भिंतीपासून हातभर अंतरावर चर खणला. तो पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ दिला नाही आणि एका वेळी थोडाच खणला, कारण जुन्या भिंतीचा पाया एकदम उघडा करणे धोक्याचे. चरात गाळणीचे जाड कापड अंथरले, भोके पाडलेला नळ भोके खाली करून ठेवला, वर खडी भरली आणि कापड दुमडून माती लोटली. हा नळ पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडला. मैल्याच्या नळाला तो कधीही जोडू नये. छपराच्या पागोळ्या भिंतीच्या मुळाशी पडत होत्या; पन्हळ लावून ते पाणी दूर नेले. भिंतीलगतची माझी आवडती शेवंती आणि गवती चहा कुंड्यांत हलवली, कारण त्यांना घातलेले पाणी भिंतच पीत होती. परड्याच्या फरशीला भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार दिला. आणि शेवटी, भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळवून, सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केला.

ओल संपूर्ण गेली का? नाही. अजून श्रावणात वीतभर येते आणि दिवाळीच्या आधी जाते. लोणा धरला तर कोरड्या कुंच्याने झाडते. पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत मुरतो. पाहुणी येते, चार दिवस राहते, जाते. तिचे येणे-जाणे कळले की तिचा राग येत नाही.

आपल्या शाहुपुरीच्या, बापट कॅम्पच्या आणि नदीकाठच्या भगिनींचे दुःख याहून मोठे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ साली पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले, २०२१ साली ५६ फूट ३ इंचांवर. तिथे चर आणि चुना काय करणार! पण एक गोष्ट त्यांच्याही उपयोगाची आहे. पूर पुष्कळदा उंबऱ्यावरून येण्याआधी मोरीतून उलटा येतो. घराबाहेरच्या चेंबरमध्ये एकाच बाजूला उघडणारी झडप बसवून घेतली, तर निदान मैल्याचे पाणी घरात चढत नाही. पावसाळ्यापूर्वी ती झडप साफ मात्र करावी लागते. आणि पूर ओसरल्यावर हौद नुसता उपसून भागत नाही. तो घासून, जंतुनाशक घालून, पाणी तपासूनच वापरावा.

मैत्रिणींनो, आता माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या घराखालून कोणता नळ कुठून कुठे जातो, हे आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल? मला येत नव्हते. आजेसासऱ्यांना ठाऊक होते, मामंजींना थोडेसे ठाऊक होते, त्यांच्याबरोबर ते गेले. घर बांधताना बायकांना विचारीत नाहीत, पण ओल आधी दिसते ती बाईलाच, कारण केर ती काढते, भांडी ती घासते, पाणी ती भरते. म्हणून प्रत्येकीने एका वहीत आपल्या घराच्या नळांचा साधा नकाशा काढावा. पाण्याचा नळ निळ्या रेघेने, सांडपाण्याचा तांबड्या रेघेने. दोन रेघा जिथे जवळ येतात तिथे खूण करावी. त्याच वहीत ओल कधी आली, किती चढली, ते लिहावे. घरातल्या वृद्धांना विचारून घ्यावे, ते आहेत तोवर. पुढच्या वर्धापनदिनाला या वह्या आपण इथे एकमेकींना दाखवू. रांगोळीच्या स्पर्धेइतकी शोभा त्याला येणार नाही, पण एखाद्या लेकीचे बाळंतपण सुखाचे होईल.

आमची वही तयार आहे. तिच्यात आमच्या आणि आक्कांच्या अशा दोन्ही घरांचा नकाशा एकाच पानावर आहे, कारण बोळात जाऊन दोघींचे पाणी अखेर एकाच गटाराला मिळते. तांबड्या रेघा मी काढल्या, निळ्या आक्कांनी.